पालथा कागद

नकाशेकाकांना चार माणसांत बोलायची सवय नव्हती. त्या दिवशी ते बोलले एकच वाक्य, आणि तेही बोलायला नको होतं हे वाक्य संपायच्या आधीच त्यांना कळून चुकलं.

सभा काही मोठी नव्हती. शाळेच्या प्रयोगशाळेत, आम्लाने डागाळलेल्या लांब टेबलाभोवती आठ माणसं बसली होती. खाडी स्वच्छ राहावी म्हणून धडपडणारी ही मंडळी. कोणी दंतवैद्य, कोणी शिंपी, दोघी गृहिणी, आणि सगळ्यांच्या पुढे शास्त्राच्या बाई. बाई निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती, पण प्रयोगशाळेची किल्ली अजून त्यांच्याच पर्समध्ये असायची आणि ती मागायची कुणाची छाती नव्हती. गावातलं पावसाचं पाणी खाडीत जिथे जिथे पडतं त्या अकरा तोंडांना बाईंनी नंबर दिले होते. पाऊस लागला की अर्ध्या तासाच्या आत ज्याने त्याने आपापल्या तोंडापाशी पोचायचं, उकळलेल्या बाटलीत पाणी भरायचं, चिठ्ठीवर वेळ लिहायची, दोघांनी सह्या करायच्या आणि बाटली बर्फाच्या डब्यात टाकायची. दोन सह्या नसतील तर बाई ती बाटली सरळ मोरीत ओतायच्या. मग ती भरणारा पावसात कितीही भिजलेला असो.

नकाशेकाका या मंडळात आले ते त्यांच्या नकाशांमुळे. चौतीस वर्षं ते गटार खात्यात नकाशे काढत होते. त्यांचं खरं नाव बहुधा फक्त मतदारयादीला ठाऊक होतं. जमिनीखाली कुठली लाइन कुठून कुठे जाते हे त्यांना पाठ होतं. बोलण्यापेक्षा वाचणं बरं, आणि वाचण्यापेक्षा रेषा मारणं बरं, असा एकूण स्वभाव. बायको म्हणायची, यांना बोलतं करायचं तर आधी कागद पसरावा लागतो.

त्या दिवशी बाईंनी कागदच पसरला होता. दहा तोंडांचं पाणी बऱ्यापैकी होतं. सात नंबरच्या पाण्यात मात्र मैल्याचे जंतू इतके, की मोजताना बाईंनी दोनदा चष्मा पुसला होता. वर पांढरा फेसही असायचा. सात नंबरच्या खाली चिखलात शिंपल्या गोळा करणाऱ्या बायकांच्या पायांना फोड येत होते. त्यातल्या एकीची नात हगवणीने दवाखान्यात पडून होती. बाईंनी नकाशावर सात नंबरपासून बोट वर वर नेलं. ते बोट नकाशेकाकांच्याच गल्लीत शिरलं.

गल्ली सरळ, उताराची, थेट खाडीकडे जाणारी. खाडीकडे तोंड करून उभं राहिलं तर उजवीकडे घरांची रांग, त्यात तिसरं घर काकांचं. डावीकडे गोदामं, आणि शेवटी त्यांच्या मेहुण्यांचं गाड्या धुण्याचं गॅरेज. नकाशात डावीकडून निळी रेषा जात होती, म्हणजे पावसाळी लाइन. ती सरळ सात नंबरला. उजवीकडून तांबडी, म्हणजे ड्रेनेज. ती गावाबाहेरच्या मैलापाणी केंद्राला. नकाशाच्या कोपऱ्यात काकांचीच बारीक सही होती, चाळीस वर्षांपूर्वीची.

“निळ्या लाइनवर संडास कुणी जोडलाय का, हे शोधायला हवं,” बाई म्हणाल्या. “नकाशेकाका, तुमच्या माहितीत आहे कोणी?”

काकांच्या माहितीत होतं. गॅरेज उघडलं तेव्हा परवानगीत स्पष्ट लिहिलं होतं की गाड्या धुतलेलं पाणी आणि कामगारांचा संडास रस्ता ओलांडून पलीकडच्या ड्रेनेजला जोडावा. मेहुण्यांनी रस्ता फोडण्याचा खर्च वाचवला आणि दाराशीच असलेल्या लाइनला गुपचूप जोड दिला. ही गोष्ट काकांना धाकटीने, म्हणजे त्यांच्या बहिणीने, वीस वर्षांपूर्वी त्यांच्याच स्वयंपाकघरात, हसत हसत सांगितली होती. दादा, तू त्याच खात्यातला, तुला सांगू नये, पण सांगते.

खोटं बोलायची सवय नसलेल्या माणसाने अशा वेळी निदान खोकावं. काकांना तेही सुचलं नाही. ते म्हणाले, “गॅरेजचा जोड डावीकडेच आहे.”

मग मान खाली घालून ते नकाशाकडे बघत राहिले. कुणीतरी पाठ थोपटली. घरचा माणूस असून खरं बोलले, असं दंतवैद्य म्हणाले. पंधरा दिवसांत गॅरेजला सील लागलं.

धाकटीने भांडण केलं नाही. तिने फक्त दादाच्या घरी येणं बंद केलं. रोज संध्याकाळी दुकानातून येताना ती काकांच्या पायरीवर दोन मिनिटं टेकायची, वहिनीशी दोन गोष्टी बोलायची. आता ती समोरच्या बाजूने, गोदामांच्या भिंतीला खेटून जाऊ लागली. मेहुणे तोंडाचे मोकळे. ते भर नाक्यावर म्हणाले, “घरभेदी काही लंकेतच असतो असं नाही. आमच्या गल्लीतही एक आहे, पेन्सिल घेऊन फिरतो.” दोन कामगार दुसरीकडे कामाला लागले. धाकटीचं घर त्या गॅरेजवर चालत होतं, तिच्या मुलीचं नर्सिंगचं शिक्षण त्या गॅरेजवर चालत होतं. हे काकांना कुणी सांगायची गरज नव्हती. ते त्या मुलीचे मामा होते.

काकांनी स्वतःची समजूत घातली, की निदान खाडी तरी सुधारेल. कडू औषध आहे, पण औषध आहे.

पाऊस आला. काका आणि शिंपी सात नंबरला पोचले, बाटली भरली, सह्या केल्या. गॅरेज बंद होऊन महिना होत आला होता. तरी फेस तोच, आणि वासही तोच. आणि बाईंची मोजणी आली ती आधीपेक्षा जास्तच.

“जमिनीत मुरलेलं आहे,” बाई म्हणाल्या. “वेळ लागेल निघायला.”

काकांनी मान डोलावली, पण मनात खडा लागला. तेल मुरतं हे ठीक. मैल्याचे ताजे जंतू महिनाभर मुरून बसत नाहीत, हे त्यांनी बाईंनीच दिलेल्या पुस्तकात वाचलं होतं. आणि दुसरी एक गोष्ट. इतकी वर्षं गॅरेजचं पाणी इथे पडत होतं म्हणतात, तर बाटलीत तेल का दिसत नाही? एकदाही दिसलं नव्हतं. फेस होता, तो कसल्याही साबणाचा असू शकतो.

त्यांना नेहमीप्रमाणे आधी स्वतःचीच शंका आली. आपण काय शास्त्रज्ञ आहोत? आपण रेषा मारणारे. तरी ते दुसऱ्या दिवशी मुकादमाकडे गेले. मुकादम म्हणजे गटारं साफ करणाऱ्या टोळीचा म्होरक्या. खात्यात होते तेव्हा काका त्याला ओळखत होते, पण ऑफिसच्या पायऱ्यांवरून, वरून खाली.

मुकादम हौदावर पाय धूत होता. काकांनी विचारलं, आमच्या गल्लीतल्या दोन लाइनींत मैल्याची कुठली?

“उजवीकडची झाकणं उघडली की नाक धरावं लागतं. डावीकडची उघडली तरी धरावं लागतं. दोन्हींत मैला आहे काका. पण डावीकडची वाहत जाते गावाबाहेर, आणि उजवीकडची खाडीकडे.”

“नकाशात उलटं आहे.”

“असेल,” मुकादम म्हणाला. “नकाशा आम्हाला कधी कुणी दाखवला? आणि आम्ही सांगितलं असतं तर तुम्ही काय, नकाशा खोडला असता?” एवढं बोलून त्याने दुसरा पाय धुवायला घेतला.

घरी येऊन काका जेवले नाहीत. बायकोला वाटलं धाकटीचं दुःख. तिने विचारलं नाही.

बाईंच्या कपाटात हिरव्या रंगाची पूड असायची. चिमूटभर पूड पाण्यात टाकली की पोपटी रंग चमकतो आणि लाइन कुठे निघते ते कळतं. काकांनी एक डबी मागून घेतली. कशाला, असं बाईंनी विचारलं तेव्हा ते म्हणाले, सहज. खरं म्हणजे चारचौघांना बोलावून, त्यांच्यासमोर आपली शंका खोटी ठरावी, ही कल्पनाच त्यांना सोसत नव्हती. आधी एकट्याने खात्री करावी, मग बोलावं. लाजऱ्या माणसाचा हा हिशेब त्यांना पुढे फार महागात पडला.

गॅरेजला सील असलं तरी मागचं मोरीचं दार उघडं होतं. रविवारी सकाळी काका तिथून आत शिरले. धुण्याच्या जागेवर धूळ बसली होती, नळाला कापड बांधलेलं होतं. त्यांनी जाळीत पूड टाकली, चार बादल्या पाणी ओतलं आणि सात नंबरला जाऊन दगडावर बसले. एक तास झाला. दोन तास झाले. शिंपल्यावाली एक म्हातारी जवळ येऊन म्हणाली, काय काका, मासे मोजताय? पाणी होतं तसंच राखाडी राहिलं.

मग ते घरी गेले. बायको भाजी निवडत होती. ते सरळ संडासात गेले, उरलेली पूड भांड्यात टाकली आणि तीनदा पाणी सोडलं.

“अहो, हे हिरवं काय केलंत?” बायकोने मागून डोकावून विचारलं.

“काही नाही. लाइन बघतोय.”

“आता संडासात पण नकाशा काढा.”

उतार होता, तरी ते जवळजवळ पळतच खाली गेले. चौसष्टच्या पुढची माणसं पळत नाहीत, त्यांना लोक बघतात. सात नंबरला पोचायच्या आधीच त्यांना दिसलं. तोंडातून पोपटी धार पडत होती. इतकी उजळ, की खालची म्हातारी कंबर सरळ करून तिच्याकडे बघत उभी होती. त्यांच्या स्वतःच्या घरातून, त्यांच्या स्वतःच्या संडासातून, इतकी वर्षं हे पाणी त्या बायकांच्या पायांवर पडत होतं. आणि गल्लीत ज्याने म्हणून काही पाप केलं नव्हतं तो एकटा मेहुणा, ज्याने नियम मोडून चुकीच्या बाजूला जोड दिला होता.

सोमवारी ते जुन्या ऑफिसात गेले. नोंदींच्या खोलीतला शिपाई त्यांना ओळखत होता, त्याने आत सोडलं. वरच्या फळीवर, दोऱ्याने बांधलेल्या सुरळीत, गल्लीचा मूळ मोजणीचा कागद सापडला. जागेवर जाऊन माप घेणाऱ्याने काढलेला कच्चा कागद, ज्यावरून काकांनी आपली प्रत काढली होती. त्यावर अक्षर एक नव्हतं. फक्त निळी-तांबडी रेषा आणि दोन्ही बाजूंचे चौकोन. कोपऱ्यातला दिशेचा बाण होता तो तुकडाच फाटून गेलेला. त्यांनी तो कागद उलगडला आणि तो लगेच परत सुरळी होऊन त्यांच्या बोटांवर मिटला. त्या मिटण्याने त्यांना सगळं आठवलं.

असे कागद नेहमी मिटायचे. रेषांची बाजू आत ठेवून गुंडाळलेले, वर्षानुवर्षं तसेच पडलेले. काचेच्या टेबलावर, खालून दिवा लावून प्रत काढायची तर कागद सपाट बसायला हवा. म्हणून ऑफिसात एक युक्ती होती. कागद पालथा घालायचा. पालथा घातला की कडा खाली दबतात आणि गप्प पडून राहतात. दिव्याच्या उजेडात रेषा मागूनही दिसतात. त्यावर आपला पारदर्शक कागद ठेवून पेन्सिलीने उतरवून घ्यायचं, आणि मग, हे महत्त्वाचं, आपली प्रत उलटी करून दुसऱ्या बाजूने शाई मारायची, म्हणजे डावं डाव्याला आणि उजवं उजव्याला येतं. सगळे असंच करायचे. गल्लीला वळण असतं, एखादा वाकडा चौक असतो, तर उलटी प्रत नजरेत भरली असती. ही गल्ली सरळसोट होती. दोन्ही बाजूंना सारखेच चौकोन. चोवीस वर्षांच्या पोराने पेन्सिल उतरवली, जेवायला गेला, परत आला आणि त्याच बाजूने शाई मारली. मग आपल्या सुबक अक्षरात नावं घातली. त्या नकाशावरून पुढे उजवीकडच्या सव्वीस घरांना संडासाचे जोड दिले गेले. सगळे कायदेशीर, सगळ्यांवर शिक्का.

काकांनी शेजारच्या सुरळीतून आपली प्रत काढली आणि दोन्ही कागद एकमेकांवर ठेवून बघितले. एक पालथा घातला की रेघ न् रेघ जुळत होती.

त्यांनी त्याच टेबलाशी बसून पत्र लिहिलं. तीन वेळा खोडलं, चौथ्यांदा स्वच्छ लिहिलं. चूक माझी आहे, गॅरेजचा दोष नाही, उजवीकडचे सर्व जोड पावसाळी लाइनीत जात आहेत, लाइनी तपासून घ्याव्यात. ते पत्र त्यांनी आवक खिडकीवर दिलं आणि पोच घेतली. मग ते बाईंकडे गेले.

बाई ऐकत गेल्या तसा त्यांचा चेहरा परीक्षेतल्या बाईंसारखा झाला. मागच्याच आठवड्यात वर्तमानपत्रात त्यांचा फोटो आला होता, गॅरेजच्या सीलबंद दारासमोरचा. पण त्या काही वाईट नव्हत्या. त्यांनी एकच प्रश्न विचारला.

“तुम्ही रंग टाकलात तेव्हा बरोबर कोण होतं?”

“कोणी नव्हतं.”

“वेळ लिहिली? बाटली भरली? दुसरी सही?”

काकांनी तिन्ही वेळा नकारार्थी मान हलवली.

“काका, हेच दुसऱ्या कुणी केलं असतं तर मी ते मोरीत ओतलं असतं,” बाई म्हणाल्या. “तुमचं ओतू नको म्हणता? मेहुण्याचं गॅरेज आहे. लोक काय म्हणतील, ते मी बोलत नाही. पुढच्या महिन्यात सगळ्यांसमोर पुन्हा करू.”

म्हातारीने बघितलं होतं, असं काकांना सांगायचं होतं. पण त्या म्हातारीला सही येत नव्हती, आणि ते बोलण्याइतकं धैर्य तोवर संपलं होतं.

तिसऱ्या दिवशी खात्याच्या साहेबांनी बोलावलं. साहेब एके काळी काकांच्या शेजारच्या टेबलावर उमेदवारी करत होते. टोकदार पेन्सिल कशी धरायची हे त्यांना काकांनी शिकवलं होतं. त्यांनी काकांना बसायला सांगितलं, चहा मागवला, दार लावलं आणि पत्र टेबलावर ठेवलं.

ते जे बोलले त्याचा मथितार्थ असा. हे पत्र दाखल करून घेतलं तर सव्वीस घरांचे जोड काढून दुसरीकडे न्यावे लागतील, गल्ली सहा महिने खणलेली राहील. लोक विचारतील, हे जोड दिले तेव्हा तपासणी कुणी केली? तपासणीच्या वहीत साहेबांच्याच सह्या होत्या. झाकण एकही उघडलं नव्हतं, नकाशा बघून खुणा केल्या होत्या. नकाशा इतका सुबक होता. आणि आणखी एक. काकांनी सुरुवातीची अकरा वर्षं अशाच प्रती काढल्या होत्या. एक पालथी निघाली तर उरलेल्या दोनशे कशावरून सुलट? गावातला प्रत्येक माणूस आपल्या घरासमोर खड्डा मागेल. नाव कुणाचं निघेल?

“त्यापेक्षा,” साहेब म्हणाले, “मेहुण्यांनी एक लेखी द्यावं, की जोड चुकीचा होता, नियमाप्रमाणे रस्ता ओलांडून ड्रेनेजला जोडून घेतो. मी आठवड्यात सील काढतो. दंडही किरकोळ लावतो. तुमचं हे पत्र मात्र तुम्ही परत न्या.”

काकांना कळायला क्षणभर लागला. “रस्ता ओलांडून, म्हणजे उजवीकडे?”

“नकाशात ड्रेनेज उजवीकडेच आहे ना?”

“पण ती खाडीला जाते. तुम्हाला आता माहीत आहे.”

“मला नकाशात आहे तेवढंच माहीत आहे,” साहेब म्हणाले. “चहा घ्या, गार होतोय.”

म्हणजे आज जे एक पाणी योग्य जागी जात होतं, तेही उचलून खाडीत सोडायचं. काका चहा न घेता उठले. पत्र मात्र टेबलावरच ठेवलं. उभ्या आयुष्यात त्यांनी साहेब लोकांना दिलेला हा पहिला नकार, आणि तोही न बोलता.

संध्याकाळी धाकटी आली. दोन महिन्यांनी ती पायरीवर टेकली. साहेबांचा निरोप तिच्या घरी आधीच पोचला होता. वहिनीने पाणी दिलं, ते तिने घेतलं, आणि मग आत बघत म्हणाली, दादाला बाहेर बोलाव.

काका येऊन उंबऱ्यात उभे राहिले. त्यांनी तिला सगळं सांगितलं. पालथ्या कागदापासून हिरव्या धारेपर्यंत. तिच्याशी त्यांना बोलता यायचं. मेहुण्यांची काही चूक नाही, हे ते दोनदा बोलले. बाईंची चाचणी पुढच्या महिन्यात होईल, मग सगळ्यांना कळेल, सील आपोआप निघेल.

“आपोआप?” धाकटी म्हणाली. “दादा, तुझ्या खात्यात आपोआप काय निघालंय आजवर? तू निघालास, तेही वय झालं म्हणून.”

काका हसले नाहीत. तीही हसली नाही.

“पोरीची फी सोमवारी भरायची आहे. ती म्हणते, मी घरी बसते. हे दिवसभर अंगणात बसून रिकाम्या बादल्या घासतात. खरं काय ते मला कळलं रे. कळून मी काय करू त्याचं? तू खरं बोललास तेव्हा आमचं दार बंद झालं. आता परत खरंच बोलायचं म्हणतोस. एकदा माझ्यासाठी गप्प बस. इतकी वर्षं सगळ्यांसाठी गप्पच बसलास ना?”

“शिंपल्यावाल्या बायका, धाकटे. त्यातल्या एकीची नात...”

“माझी मुलगी तुझी कोण?”

काकांकडे उत्तर होतं, पण ते पुस्तकातलं होतं, आणि ते उंबऱ्यात उभं राहून बोलता येण्यासारखं नव्हतं. धाकटीने पाण्याचा पेला पायरीवर ठेवला. जाताना ती पहिल्यासारखी रस्त्याच्या मधून गेली, भिंतीला खेटून नाही. तेवढ्यानेच काकांचा निश्चय मोडला. माणूस मोठ्या गोष्टींनी मोडतो असं पुस्तकात असतं. काका ज्या गोष्टीने मोडले ती एवढीशी होती.

शुक्रवारी त्यांनी पत्र परत आणलं. साहेबांनी आवक वहीत त्या नोंदीवर रेघ मारली आणि शेजारी ‘अर्जदाराने मागे घेतले’ असं लिहून काकांची सही घेतली. बाईंनी चाचणीची तारीख विचारली तेव्हा काका म्हणाले, “राहू द्या. वयामुळे माझा काहीतरी घोटाळा झाला असेल.” बाई म्हणाल्या, होतं असं. त्यांनी समजूतदारपणाने डबीत उरलेली पूडही परत मागितली नाही. ती उरलीच नव्हती.

आठ दिवसांत गल्लीचा रस्ता आडवा खणला गेला. मुकादमाची टोळी कामावर होती. मेहुणे फुशारून देखरेख करत होते. काका गच्चीवरून बघत होते, तर मेहुण्यांनी त्यांना खाली हाका मारून बोलावलं. नाइलाजाने ते गेले.

“या दादा, या. तुमच्या बहिणीने सांगितलं मला सगळं,” मेहुणे हलक्या आवाजात म्हणाले. “वीस वर्षांपूर्वी मी चोरी केली ती पुण्य निघाली. आता सरकार माझ्याकडून शिक्का मारून पाप करून घेतंय. तुमच्या खात्याला तोड नाही बघा.” आणि त्यांनी काकांच्या खांद्यावर हात ठेवला. सगळं माफ केल्यासारखा.

खड्ड्यात मुकादम उभा होता. त्याने उजवीकडच्या पाइपला भोक पाडलं होतं आणि त्यातून सव्वीस घरांचं काळं पाणी हळूहळू खाडीकडे सरकताना दिसत होतं. त्याने वर बघितलं. साहेबांनी पाठवलेला कारकून फाइल घेऊन उभा होता. जोड बंद करण्याआधी नकाशाशी ताडून घ्यायचं होतं, आणि नकाशाचा जाणकार समोरच उभा होता.

“काका, तुम्हीच सांगा,” कारकून म्हणाला. “नकाशाप्रमाणे आहे ना?”

मुकादम थापी हातात धरून थांबला होता. त्याला कुणी विचारलं नव्हतं.

“हो,” काका म्हणाले. “नकाशाप्रमाणे आहे.”

गॅरेज सुरू झालं. धाकटी पायरीवर टेकू लागली. भाचीने फी भरली आणि मामाला पेनांची डबी आणून दिली. पुढच्या पावसात काका आणि बाई सात नंबरला गेले, कारण शिंप्याला ताप होता. बाईंनी बाटली भरली आणि उजेडात धरली. पाण्यावर, पहिल्यांदाच, तेलाचा सप्तरंगी पापुद्रा तरंगत होता. खाली चिखलात बायका वाकून शिंपल्या काढत होत्या. हिरवी धार बघणारी म्हातारी त्यांच्यात दिसत नव्हती.

“बघितलंत?” बाई म्हणाल्या. “मी म्हणत नव्हते, गॅरेजच आहे म्हणून? मुरलेलं आता बाहेर पडतंय.”

त्यांनी चिठ्ठीवर वेळ लिहिली, शेरा लिहिला, स्वतःची सही केली आणि दुसऱ्या सहीसाठी चिठ्ठी काकांपुढे धरली. काकांनी भाचीने दिलेलं पेन खिशातून काढलं. पावसात चिठ्ठी भिजू नये म्हणून तिच्यावर वाकले आणि नकाशांवर करायचे तशी, कोपऱ्यात, बारीक आणि सुबक सही केली.